लव्हेंडर आणि चंदन: अंगावर लावल्यावर पुढे काय होतं

आधी प्रश्न थोडक्यात मांडते. एका वाचकाने मनगटावर आणि गळ्याशी चंदनाचं अत्तर लावलं, त्यावर लव्हेंडरचा स्प्रे मारला. पहिला अर्धा तास सुरेख गेला. तासाभरात लव्हेंडर जवळजवळ संपलं, आणि दुपारपर्यंत स्वतःला कसलाच वास येईना. शेजारी बसलेल्या व्यक्तीला मात्र चंदन स्पष्ट जाणवत होतं. चंदन 'फिक्सेटिव्ह' आहे, वरचा सुगंध धरून ठेवतं, असं त्यांनी सगळीकडे वाचलेलं. मग चुकलं कुठे? त्वचा कोरडी म्हणून, लावण्याचा क्रम उलटा म्हणून, की बाटलीतला माल हलका म्हणून?

सुगंध तयार करणं हाच माझा रोजचा व्यवसाय आहे आणि ही जोडी माझ्या टेबलावर सतत असते. माझं मत असं की यात बहुधा काहीच चुकलेलं नाही. लव्हेंडर आणि चंदन बाटलीत एकत्र असतात, अंगावर मात्र एकामागून एक येतात. एक निघून गेल्यावर दुसरं पूर्ण उमलतं आणि दोघांच्या मध्ये पोकळी राहते. ज्यांना ही जोडी दिवसभर हवी आहे, त्यांनी चंदनाचं प्रमाण वाढवून उपयोग होत नाही. ती पोकळी भरावी लागते. ती कशी भरायची ते सांगतेच, पण त्याआधी ती पडते का, ते नीट समजून घेऊ.

खऱ्या लव्हेंडरच्या तेलात निम्म्याहून अधिक भाग दोनच घटकांचा असतो: लिनालूल आणि लिनालिल ॲसिटेट. दोन्ही हलके, चटकन उडणारे. लिनालूलचा उत्कलनबिंदू १९८ अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. चंदनाच्या तेलातले मुख्य घटक म्हणजे अल्फा-सँटालॉल आणि बीटा-सँटालॉल. त्यांचे रेणू मोठे आणि जड, उत्कलनबिंदू ३०० अंशांच्या घरात. आपली त्वचा ३२-३३ अंशांवर असते, त्यामुळे तिथे काहीच उकळत नाही हे खरं. तरी कोण लवकर उडणार आणि कोण चिकटून राहणार, याचा अंदाज या आकड्यांवरून येतो. विल्यम पाउचर या इंग्रज सुगंधतज्ज्ञाने सुगंधी द्रव्यांना टिकाऊपणाप्रमाणे १ ते १०० असे क्रमांक दिले होते. त्यात चंदन १०० वर आहे, म्हणजे अगदी शेवटच्या पायरीवर. लव्हेंडर सुरुवातीच्या पायऱ्यांवरच आहे.

आता फिक्सेटिव्हची गोष्ट. तिच्यात तथ्य आहे, पण जितकं सांगितलं जातं तितकं नाही. हलकं द्रव्य जड द्रव्यात विरघळलं की पृष्ठभागावर त्याचे रेणू दर क्षणी कमी संख्येने येतात, म्हणून ते सावकाश उडतं. इथपर्यंत ठीक. पण अंगावर हा साठा असतो किती? स्प्रेच्या एका फवाऱ्यात साधारण ०.१ मिलिलिटर द्रव असतो आणि त्यातलं अल्कोहोल मिनिटभरात उडून जातं. मागे उरतात सुगंधी द्रव्याचे काही मिलिग्रॅम, तेही तळहाताएवढ्या जागेवर पसरलेले. इतक्या पातळ थरात चंदन लव्हेंडरला धरून धरून किती धरणार? वीस मिनिटांची तीस-चाळीस मिनिटं होतात. चार तास होत नाहीत.

अत्तरात फुलाचा वास टिकतो तो कसा, असा प्रश्न इथे हमखास येतो. पारंपरिक पद्धतीत फुलांची वाफ चंदनाच्या तेलातच उतरवतात, तेही पुन्हा पुन्हा, तेल फुलाने भरून जाईपर्यंत. बंद कुपीत उडून जायला वाटच नसते, म्हणून फूल आत सुखरूप राहतं. अंगावर लावलं की त्याचीही गळती सुरू होते आणि काही तासांनी तिथेही मुख्यतः चंदनच उरतं. फरक एवढाच की अत्तरात अल्कोहोल नसतं, थर जाड असतो, त्यामुळे सगळं जरा सावकाश चालतं.

हे तास न् तास कसं उलगडतं ते तपशिलात सांगते, कारण आपल्याला नेमकं काय आवडतंय आणि ते कधी निसटतंय हे ओळखता आलं की पुढची निवड सोपी होते.

पहिलं मिनिट सोडून द्या. त्यात अल्कोहोलचा झणका असतो आणि लव्हेंडरमधले सगळ्यात तीक्ष्ण घटक, कापूर आणि निलगिरीची आठवण करून देणारे, एकदम वर येतात. या क्षणी नाक मनगटाला लावून मत बनवू नये. दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला लिनालिल ॲसिटेट पुढे येतं: गोडसर, किंचित फळासारखं, बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाच्या सालीच्या जवळ जाणारं. लव्हेंडरचा 'धुतलेला', ताजा भास मुख्यतः याच टप्प्यावर होतो. चंदन तेव्हा त्वचेवर असतंच, पण नाकाला वेगळं कळत नाही. लव्हेंडरच्या खाली काहीतरी मऊ आहे, त्याची धार बोथट झाली आहे, एवढंच जाणवतं. माझ्या मते या जोडीचं खरं सौंदर्य याच दहा-पंधरा मिनिटांत आहे. नुसतं लव्हेंडर थोडं कडक वाटतं. चंदनावर ते सैल होतं.

साधारण पंचविसाव्या मिनिटापासून गोडवा ओसरतो आणि लव्हेंडरची पालेदार बाजू उघडी पडते: देठ, वाळलेलं गवत, पुसटशी लाकडी कडवट छटा. काहींना हा भाग औषधी वाटतो, मला तो फार आवडतो. पुढे मात्र घसरण वेगाने होते. तासाभरात लव्हेंडर वासापेक्षा आठवणीतच जास्त उरतं. आणि चंदन? ते अजून पुरतं वर आलेलं नसतं. सँटालॉल हळूहळू उडतं म्हणून टिकतं, पण हळूहळू उडतं म्हणूनच दरवळतही कमी. पहिला तास संपताना आणि दुसरा सुरू होताना मनगट एकदम रिकामं वाटतं ते यामुळे. वाचकाने 'लव्हेंडर नाहीसं झालं' म्हटलं ती वेळ हीच.

दुसऱ्या तासानंतर चंदन जागेवर येतं. आधी थोडं कोरडं, लाकडाच्या भुशासारखं. मग दुधाळ, सायीसारखं, आणि पुढे कित्येक तास जवळजवळ तसंच. चंदन फारसं बदलत नाही, हा त्याचा मोठा गुण. अगदी शेवटी, सहा-आठ तासांनी, किंचित आंबूस, त्वचेच्याच वासात मिसळणारी छटा येते. कुणाला ती नकोशी वाटते. मी ती चांगल्या चंदनाची खूण मानते.

मग दुपारी स्वतःला काहीच का आलं नाही? नाक सतत मिळणाऱ्या वासाची दखल घेणं बंद करतं. वास संथ आणि न बदलणारा असेल तर हे लवकर होतं, आणि चंदन तसंच आहे. शेजारी आलेल्या माणसाचं नाक कोरं असतं, म्हणून त्याला लगेच कळतं. तेव्हा स्वतःला येत नाही म्हणून पुन्हा लावण्याची घाई करू नका. बाहेर मोकळ्या हवेत दहा-पंधरा मिनिटं फिरून या आणि मग मनगट नाकाजवळ न्या, बहुतेक वेळा वास तिथेच सापडतो. कॉफीच्या बिया हुंगून नाक 'कोरं' होतं असं सांगतात. साध्या हवेपेक्षा त्यांचा जास्त उपयोग होतो असं काही दिसलेलं नाही. आपल्याच कोपराच्या आतली स्वच्छ, काही न लावलेली त्वचा हुंगा, ते पुरतं.

दुसरं एक कारण असू शकतं आणि ते तपासून पाहावं. बाजारातल्या 'चंदन' नावाच्या बऱ्याच परफ्यूममध्ये चंदनाचं तेल नसतं किंवा नावापुरतं असतं. काम करतात ते जॅवनॉल, सँडलोर, एबॅनॉल यांसारखे प्रयोगशाळेतले रेणू. हे मोठे रेणू काही लोकांच्या नाकाला अगदी क्षीण कळतात, काहींना कळतच नाहीत. कस्तुरीसारख्या वासांच्या बाबतीतही असंच होतं. अशा माणसाची घ्राणशक्ती बाकी सगळ्या वासांसाठी उत्तम असू शकते. त्यामुळे दुसऱ्या कंपनीचं चंदन अंगावर छान येतं आणि हे एकच येत नाही, असं असेल तर परफ्यूमला किंवा स्वतःला दोष देऊ नये, रेणू बदलून पाहावा.

त्वचेबद्दल आता. 'माझ्या त्वचेच्या पीएचमुळे सुगंध बदलतो' हे वाक्य मी रोज ऐकते. निरोगी त्वचा सगळ्यांचीच सौम्य आम्लधर्मी असते. माणसामाणसांतला तो छोटा फरक लव्हेंडरचं दुसरंच काही करून टाकेल, हे मला पटत नाही. फरक पडतो तो त्वचेच्या तेलकटपणाचा, ओलाव्याचा, उष्णतेचा आणि घामाच्या स्वतःच्या वासाचा. तेलकट त्वचेत सुगंधी द्रव्यं विरघळून राहतात म्हणून ती सावकाश सुटतात. कोरड्या त्वचेवर धरायला काही नसतं. शिवाय सगळा सुगंध हवेतच जातो असंही नाही, काही भाग त्वचेतून आत शिरतो. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लव्हेंडर मिसळलेल्या तेलाने मालिश केल्यावर लिनालूल आणि लिनालिल ॲसिटेट काही मिनिटांतच रक्तात सापडले आणि सुमारे १९ मिनिटांनी त्यांचं प्रमाण सर्वाधिक होतं. अंगावरचं लव्हेंडर दोन वाटांनी कमी होतं ते असं.

कोरडी त्वचा असेल तर उपाय साधा आहे. आंघोळीनंतर अंग किंचित दमट असताना बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा, ते जिरू द्या आणि मग सुगंध लावा. मनगटावर पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात फिरवला तरी चालतो. लव्हेंडरला याचा जास्त फायदा होतो, चंदनाला कमी, कारण चंदन मुळातच सावकाश सुटणारं. जाड थर मात्र देऊ नका, त्यात वास दबतो आणि दिवसभर मेणचट वाटत राहतं.

मनगटं एकमेकांवर चोळल्याने 'रेणू तुटतात' हे खरं नाही. चोळण्याने उष्णता वाढते, थर पातळ पसरतो आणि जे हलकं आहे ते लवकर उडतं, एवढंच. पण या जोडीत जे हलकं आहे तेच आधी संपतं, म्हणून चोळू नका.

आता क्रमाचा प्रश्न. खाली चंदनाचं अत्तर आणि वर अल्कोहोलचा लव्हेंडर स्प्रे, असं केलं की अल्कोहोल खालचं तेल पातळ करून पसरवतं. मिश्रण होतं, पण थर आणखी पातळ होतो. उलट केलं, म्हणजे आधी लव्हेंडर, अल्कोहोल पूर्ण उडाल्यावर वरून चंदनाचं अत्तर हलक्या बोटाने टेकवलं, तर तेलाचं आवरण वर येतं आणि लव्हेंडर थोडं सावकाश सुटतं. पण मग पहिली ताजी मिनिटं बुजतात, आणि तीच तर हवी असतात. मी स्वतः दोन्ही एकाच जागी लावत नाही. चंदन मनगटावर आणि कोपराच्या आतल्या खळगीत, जिथे त्वचा उबदार आहे आणि जड द्रव्याला थोडी ऊब लागते. लव्हेंडर मानेच्या मागच्या बाजूला किंवा कपड्यावर. हवेत दोन्ही एकत्र येतात आणि कुणी कुणाला दाबत नाही.

कपड्याचा उपयोग लोक फार कमी करतात. कापड त्वचेपेक्षा थंड असतं आणि सुगंध आत शोषून घेणारं जिवंत काही तिथे नसतं. अंगावर तासात संपणारं लव्हेंडर सुती कापडावर कित्येक तास राहतं. सदऱ्याच्या आतल्या बाजूला, गळपट्टीच्या खाली किंवा ओढणीच्या टोकाला एक फवारा पुरतो. फक्त रेशमावर आणि फिक्या रंगांवर जपून, कारण लव्हेंडर ॲब्सोल्यूट (द्रावकाने काढलेला लव्हेंडरचा दाट, गडद हिरवा अर्क) असलेला परफ्यूम हिरवट डाग पाडू शकतो. चंदनाचं तेल तर कुठल्याच चांगल्या कपड्याला लागू देऊ नये, तेलकट डाग सहजी निघत नाही.

आणि दुपारी पुन्हा लावायचंच असेल तर फक्त लव्हेंडर लावा. चंदन अजून अंगावर आहे, तुम्हाला जाणवत नसलं तरी. दोन्ही पुन्हा लावणाऱ्यांच्या अंगावर संध्याकाळी चंदनाचा जड, गुदमरवणारा थर साचतो आणि जवळच्यांना त्रास होतो. छोट्या कुपीत लव्हेंडर सोबत ठेवलं आणि तीन-चार तासांनी एकच फवारा मारला की सकाळची ती पहिली पंधरा मिनिटं परत मिळतात, या वेळी खाली पूर्ण उमललेल्या चंदनासकट. ज्यांना स्वतः काही मिसळत बसायचं नाही त्यांच्यासाठी हाच माझा पहिला सल्ला.

मधली पोकळी भरायची असेल तर मात्र लव्हेंडर आणि चंदन यांना जोडणारी द्रव्यं आणावी लागतात, आणि इथे सुगंधकारांनी फार पूर्वीच वाट दाखवून ठेवली आहे. १८६८ मध्ये विल्यम पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने कुमारिन हा रेणू कृत्रिमरीत्या तयार केला. १८८२ मध्ये ऊबिगाँ या फ्रेंच घराण्यासाठी पॉल पार्के याने 'फुजेर रॉयाल' हा परफ्यूम बांधला, त्यात लव्हेंडर, कुमारिन आणि ओकमॉस (ओकच्या झाडावर वाढणारं दगडफुलासारखं लायकेन) यांचा मेळ होता. आज जगातल्या पुरुषांच्या परफ्यूमचा मोठा भाग ज्या घराण्यात मोडतो ते फुजेर घराणं इथून सुरू झालं. १८८९ मध्ये एमे गेर्लँ या फ्रेंच सुगंधकाराने 'जिकी' या परफ्यूममध्ये लव्हेंडरला व्हॅनिलाच्या गोडव्याची जोड दिली. एकटं लव्हेंडर टिकत नाही आणि त्याच्या खाली त्याच्याच स्वभावाचं, पण जड काहीतरी हवं, हे दोघांनीही ओळखलं होतं.

कुमारिन तसंच आहे. टोंका बीन या सुगंधी बीमध्ये ते नैसर्गिकरीत्या असतं. वास ताज्या कापून वाळत घातलेल्या गवताचा, गोडसर, बदामाच्या अंगाने जाणारा. लव्हेंडरच्या दुसऱ्या टप्प्यातल्या वाळल्या गवताशी तो बेमालूम जुळतो. उत्कलनबिंदू मात्र ३०० अंशांच्या आसपास, म्हणजे टिकाऊपणात तो चंदनाच्या रांगेत बसतो. त्यामुळे लव्हेंडर निघून गेलं तरी त्याची सावली मागे राहते आणि नाकाला तुटल्यासारखं वाटत नाही. खऱ्या अर्थाने लव्हेंडर टिकवणारं द्रव्य विचाराल तर मी चंदनाच्या आधी कुमारिनचं नाव घेईन.

दुसरा आधार लव्हेंडरचाच, ॲब्सोल्यूटच्या रूपात. तेल वाफेने काढतात आणि वाफेबरोबर फक्त हलके घटक वर येतात. ॲब्सोल्यूट द्रावकाने काढतात, त्यात वनस्पतीतले जड घटकही उतरतात. ते गडद हिरवं, दाट असतं. वास तेलापेक्षा मऊ, गोड, थोडा मधाकडे आणि गवताकडे झुकलेला, आणि अंगावर तेलाच्या कितीतरी पुढे टिकतो. थोडंसंच घातलं तरी दुसऱ्या-तिसऱ्या तासात 'हे लव्हेंडर आहे' असं म्हणता येतं.

मग क्लेरी सेज या सुगंधी वनस्पतीचं तेल: त्यातही लिनालिल ॲसिटेट भरपूर, म्हणून लव्हेंडरशी नातं सख्खं, पण त्याला चहाच्या पानासारखी, थोडी घामट-उबदार छटा आहे जी चंदनाकडे हात पुढे करते. जिरेनियम नेमक्या मधल्या पायरीवर बसतं, गुलाबासारखं पण हिरवट. ते जास्त झालं की सगळा परफ्यूम जिरेनियमचाच होतो, त्यामुळे हात आखडता ठेवावा. आणि शेवटी एखादं सौम्य मस्क, म्हणजे कस्तुरीसारख्या वासाचं द्रव्य, उदाहरणार्थ एथिलीन ब्रासिलेट, जे चंदनाच्या दुधाळपणाला हवेत थोडं उचलून धरतं.

घरी प्रयोग करणाऱ्यांसाठी १० ग्रॅम अर्काची माझी सुरुवातीची मांडणी देते: लव्हेंडर तेल ३ ग्रॅम, चंदन २.५, एथिलीन ब्रासिलेट १.५, बर्गमॉट १, क्लेरी सेज ०.८, लव्हेंडर ॲब्सोल्यूट ०.५, जिरेनियम ०.४, कुमारिन ०.३. कुमारिनचे खडे असतात, ते आधी थोड्या अल्कोहोलमध्ये पूर्ण विरघळवून घ्या. एवढ्या अर्कात ५६-५७ ग्रॅम परफ्यूमर्स अल्कोहोल घातलं की साधारण १५ टक्क्यांचा परफ्यूम होतो. बर्गमॉट घेताना बर्गॅप्टीन काढून टाकलेलंच घ्या. साध्या बर्गमॉटवर ऊन पडलं तर त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडू शकतात. मिश्रण अंधारात तीन-चार आठवडे मुरू द्या. पहिल्या दिवशी प्रत्येक द्रव्य सुटं सुटं बोलतं आणि लव्हेंडर टोचतं. मुरल्यावर टोकं गोल होतात. तळाशी थोडा मेणासारखा साका दिसला तर घाबरू नका, तो ॲब्सोल्यूटचा असतो. बाटली थंड करून गाळून घ्या.

ही मांडणी अंतिम नाही. गोडवा नको असेल त्यांनी कुमारिन निम्मं करावं. कोरडेपणा हवा असेल तर चंदनातला पाव भाग काढून तिथे देवदारवर्गीय सीडरवुड घालून पाहावं. पण एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही.

मालाबद्दलही बोलायला हवं, कारण वाचकाची ती शंका काही अंशी रास्त असू शकते. लव्हेंडर म्हणून विकलं जाणारं पुष्कळसं तेल खऱ्या लव्हेंडरचं नसून लव्हँडिन या संकरित झुडपाचं असतं. त्यात कापूर बराच जास्त. साबणाला, खोलीच्या सुगंधाला ते उत्तम, पण चंदनाच्या सायीवर हा कापूर ओरखड्यासारखा उमटतो. बाटलीवर लॅव्हेंड्युला अँगुस्टिफोलिया हे वनस्पतीचं नाव आहे का ते पाहा. '४०/४२' असं लिहिलेलं तेल म्हणजे एस्टरच्या (लिनालिल ॲसिटेटसारख्या घटकांच्या) ठरावीक प्रमाणात जुळवून आणलेलं मिश्रण. ते वाईट नसतं, पण त्यात झाडाचा चेहरा दिसत नाही.

चंदनाचीही तीच कथा. सँटालम अल्बम हे खरं चंदन, दुधाळ आणि गोल. ऑस्ट्रेलियात वाढणारं सँटालम स्पिकाटम हे त्याचं भावंड. त्यात सँटालॉल कमी, वास जास्त कोरडा, किंचित राळेसारखा. लव्हेंडरच्या पालेदार बाजूशी स्पिकाटम उलट छान जुळतं, म्हणून ते कमी प्रतीचं समजून टाळू नका. 'वेस्ट इंडियन सँडलवुड' नावाने मिळतं ते अमायरिस. ते चंदनाच्या कुळातलंच नाही, आणि तिसऱ्या-चौथ्या तासात जो दुधाळपणा यायला हवा तो त्यात येत नाही. नैसर्गिक चंदन फार हळू बोलतं, म्हणून मी त्यात जॅवनॉलसारख्या रेणूचा अगदी लवलेश घालण्याच्या बाजूची आहे. फक्त नैसर्गिक द्रव्यं वापरणाऱ्यांना हे पटत नाही, त्यांच्या भूमिकेबद्दल मला आदर आहे. पण हातभर अंतरावर चंदन पोहोचवायचं असेल तर एवढी मदत त्याला लागते, आणि खऱ्या चंदनाची किंमत व दुर्मीळता पाहता ते जपून वापरण्याचाही तो एक मार्ग आहे.

स्वतःच्या अंगावर पारख करायची ती अशी करा. एका दिवशी सकाळी, दुसरा कुठलाही सुगंध न लावता, डाव्या हातावर फक्त लव्हेंडर, उजव्या हातावर फक्त चंदन आणि डाव्या कोपराच्या खळगीत दोन्ही लावा. सोबत कागदाच्या पट्टीवरही दोन्ही टाकून ठेवा. पाच मिनिटांनी, अर्ध्या तासाने, दीड तासाने, चार तासांनी हुंगा, मध्ये मध्ये नाही. दीड तासाचं निरीक्षण सगळ्यात महत्त्वाचं. त्या वेळी कागदावर लव्हेंडर ठणठणीत असेल आणि त्वचेवर नसेल, तर माल चांगला आहे आणि तुमची त्वचा ते लवकर सोडते आहे. मॉइश्चरायझर आणि कपडा हे उपाय तुमच्यासाठी. कागदावरही गेलं असेल तर परफ्यूममध्येच मधला आधार नाही. चार तासांनी दुसऱ्या कुणाला तरी हातभर अंतरावर उभं करून विचारा, कारण तोवर तुमचं नाक चंदनाला सरावलेलं असेल.

राहिली सुरक्षिततेची बाब. लव्हेंडर 'सौम्य' म्हणून ते थेट बाटलीतून अंगावर लावणारे बरेच आहेत. तसं करू नका. लिनालूल हवेच्या संपर्कात ऑक्सिडाइझ होतं, त्यातून तयार होणारे हायड्रोपेरॉक्साइड त्वचेची ॲलर्जी जागवतात, आणि एकदा जागी झालेली ॲलर्जी सहसा आयुष्यभर राहते. म्हणूनच इफ्रा या सुगंध उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने लिनालूलयुक्त द्रव्यांत पेरॉक्साइडचं प्रमाण लिटरमागे २० मिलिमोलच्या आत ठेवायला सांगितलं आहे. युरोपीय संघात अंगावर राहणाऱ्या प्रसाधनात लिनालूल ०.००१ टक्क्याच्या वर असेल तर ते वेष्टनावर नावाने लिहावं लागतं. उघडलेली बाटली घट्ट बंद करून थंड, अंधाऱ्या जागी ठेवा, तेल कमी झालं की लहान बाटलीत ओता म्हणजे वर हवा कमी राहील. लव्हेंडरचा गोडवा जाऊन टर्पेंटाइनसारखा कडवट झणका येऊ लागला की ते त्वचेसाठी संपलं असं समजा. चंदन याच्या उलट, नीट ठेवलं तर वर्षानुवर्षं टिकतं.

नवा परफ्यूम किंवा स्वतः केलेलं मिश्रण आधी कोपराच्या आत एका छोट्या ठिपक्याएवढं लावून ४८ तास थांबा. खाज, लाली किंवा पुरळ आलं तर ते पुन्हा लावू नका, दुसऱ्या जागीही नाही. अशा वेळी त्वचारोगतज्ज्ञाकडे बाटली घेऊन जा, कारण वेष्टनावरच्या घटकांच्या यादीवरून कोणत्या द्रव्याची चाचणी करायची ते त्यांना ठरवता येतं.